परातीभोवतीची बालवाडी

कोरेगाव तालुक्यातल्या एका घराच्या ओट्यावर घेवडा पसरला होता. पाऊस उघडला होता, ऊन कडक होतं आणि आजी परात पुढ्यात घेऊन दाणे निवडत बसल्या होत्या. समोर मांडी घालून चार वर्षांचा नातू. या भागातल्या घेवड्याला वाघ्या घेवडा म्हणतात, कारण दाण्यावर वाघासारखे पट्टे असतात. त्याला भौगोलिक मानांकनही आहे. नातवाला मानांकनाचं काही नव्हतं. त्याला पट्टे दिसत होते. पट्ट्यांचे दाणे एका वाटीत, किडके दुसरीत, खडे तिसरीत. मध्येच एक दाणा असा निघाला की पट्टे फिके आणि कड कुरतडलेली. "आज्जी, ह्यो कुठं टाकू?" आजींनी मान वर न करता विचारलं, "तुला काय वाटतंय?" पोरानं दाणा उन्हाकडे धरला, उलटापालटा केला आणि किडक्यांत टाकला. "का रं?" "ह्याला खाल्लंय कुणीतरी."

बालशिक्षणाच्या भाषेत या दोन मिनिटांत निरीक्षण झालं, वर्गीकरण झालं, निर्णय झाला आणि निर्णयाचं कारणही सांगून झालं. आजींच्या भाषेत घेवडा निवडून झाला.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'घर' हा विषय ठरवला, तेव्हा घरातलं सगळ्यात लहान माणूस माझ्या वाट्याला आलं. तीन ते सहा वर्षांचं मूल घरात काय शिकतं, कसं शिकतं, आणि मोठी माणसं त्यात कुठे असतात, हे पाहायचं होतं. बाजारात यावर उत्तरं पुष्कळ मिळतात: खेळण्यांचे संच, महिन्याच्या महिन्याला घरपोच येणाऱ्या पेट्या, मोबाइलवरची अ‍ॅप. मी सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे निवडले. एक कारण म्हणजे इथे बालशिक्षणाची आणि प्राथमिक शिक्षणाची काही खरीखुरी कामं उभी राहिली आहेत. दुसरं म्हणजे इथल्या घरांत अजून पुष्कळ कामं हातानं होतात, आणि लहान मुलाला शिकायला हातच लागतात.

वीसपर्यंत येतं, पण पाच देता येत नाहीत

पाहुणे आले की मुलाला उभं करून आकडे म्हणायला लावायची आपल्याकडे रीत आहे. मूल एका दमात वीसपर्यंत म्हणतं, टाळ्या पडतात. त्याच मुलापुढे शेंगांचा ढीग ठेवून "मला पाच शेंगा दे" म्हणून पाहा. तीन-साडेतीन वर्षांचं मूल बहुधा मूठभर उचलून देतं. यात त्याचं काही चुकत नाही. आकड्यांची माळ पाठ होणं ही एक गोष्ट, आणि प्रत्येक आकडा एकेका वस्तूला लावून शेवटचा आकडा म्हणजे 'एकूण' हे कळणं ही वेगळी गोष्ट. दुसरीला वेळ लागतो. ती पाढ्यांसारखी घोकून येत नाही; वस्तू हाताळून, वाटून, पुन्हा पुन्हा मोजूनच येते.

जेवणाची पानं घेणं हा त्यासाठी उत्तम धडा आहे. माणसं पाच, मग ताटं किती? प्रत्येक ताटात एक वाटी, प्रत्येक वाटीशेजारी एक भांडं. एकास एक जोडी लावणं ही मोजणीची पहिली पायरी, आणि ती रोज दोन वेळा घरात होत असते. वाटी कमी पडली की मूल स्वतःच ओरडतं, "आबांना नाही!" वजाबाकीची सुरुवात इथे होते.

डब्यांची झाकणं हा दुसरा धडा. एका अंगणवाडी सेविकेनं आयांना सांगितलेला उद्योग मला फार आवडला. मांडणीवरचे चार-पाच स्टीलचे डबे खाली काढा, झाकणं वेगळी करा आणि मुलापुढे ठेवा. आई भाकरी थापेपर्यंत मूल झाकणं लावतं. लहान झाकण मोठ्या डब्यात पडतं, मोठं झाकण लहानावर नीट बसत नाही. मग लहान-मोठे असे डबे ओळीनं लावायचे, एकात एक घालायचे. क्रम लावणं, मापाचा अंदाज, चुकलं तर आपलं आपण सुधारणं, सगळं यात येतं. मारिया माँटेसरींनी मुलांसाठी जी साधनं घडवली त्यांचं मुख्य वैशिष्ट्य हेच होतं की चूक झाली तर ती साधनच दाखवून देतं, शिक्षकानं बोलावं लागत नाही. डब्याचं झाकण तेवढंच करतं.

तासगावच्या बाजूला बेदाणा आहे. तिथल्या एका घरात वडील संध्याकाळी बेदाण्याचा नमुना ताटात घेऊन बसले होते. रंग बघायचा, दाण्याचा आकार बघायचा, चिकटलेले दाणे सुटे करायचे. पाच वर्षांची मुलगी शेजारी आपली छोटी ताटली घेऊन तेच करत होती: हिरवा, पिवळा, काळा. थोड्या वेळानं तिनं रंग सोडून दिले आणि 'जाडे' व 'बारीक' असे ढीग केले. त्याच वस्तू दुसऱ्या निकषानं लावता येतात हे कळणं बालवयातली मोठी मजल आहे. वडिलांनी तिला रंगांवर परत आणलं नाही, एवढंच त्यांनी केलं आणि तेच महत्त्वाचं होतं. मधूनमधून काही दाणे तोंडात जात होते, त्यालाही हरकत नव्हती.

एक सावधगिरी मात्र सगळ्या सेविका आवर्जून सांगतात. तीन वर्षांखालचं मूल दाणा, चिंचोका, मणी नाकात किंवा घशात घालू शकतं. तेव्हा असले खेळ मोठ्या माणसाच्या नजरेसमोरच व्हायला हवेत.

पेन्सिलीआधीची बोटं

साताऱ्याच्या एका उपनगरात मी साडेतीन वर्षांच्या मुलाची गृहपाठाची वही पाहिली. पानभर एकच अक्षर, ठिपक्यांवरून गिरवलेलं. शेवटच्या तीन ओळींत अक्षर ओळ सोडून उतरणीला लागलं होतं. आई सांगत होती की रोज रडारड होते, पण शाळेत बाकीच्यांचं पूर्ण असतं, आपलं मागं पडायला नको. शाळेचं नाव इथे महत्त्वाचं नाही. प्रत्येक तालुक्याच्या गावात अशा शाळा आहेत आणि त्यांना वही भरलेली हवी असते, कारण पालकांना ती दिसते.

पेन्सिल धरायला अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांनी एकत्र काम करावं लागतं. त्यासाठी मनगट स्थिर हवं, मनगटासाठी खांद्यात बळ हवं. या वयात हाताचे स्नायू आणि सांधे अजून घडत असतात. म्हणून लिहिण्याची तयारी वहीत कमी आणि वहीबाहेर जास्त होते. हरभऱ्याचे घाटे सोलणं, शेंगा फोडणं, लसूण सुटा करणं, कपड्याला चिमटे लावणं, ओला रुमाल पिळणं, कणकेची गोळी वळणं, रांगोळीची चिमूट सोडणं, या प्रत्येक कामात तीच तीन बोटं राबतात. झाडावर चढणारं, मातीत खणणारं मूल खांद्याचं बळ कमावत असतं. बेंदराला या दोन्ही जिल्ह्यांत मातीचे बैल होतात. घरी बैल करणाऱ्या मुलाच्या हातून शिंगं वळताना जी कसरत होते, ती चार पानं गिरवून होत नाही.

हे शहाणपण महाराष्ट्राला नवं नाही. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलं. 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरींची साधनं महाग होती आणि शहरी होती. 1945 मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. विकत घेतलेल्या साधनांची जागा तिथे बिया, पानं, शंख-शिंपले, दगड आणि काड्या यांनी घेतली. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीनं त्यांच्या अंगणात जावं, हा विचारही तिथलाच. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली. आज महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत.

अंगणवाडीत शिकवण्याचा एक आराखडाही आहे. 'आकार' या राज्याच्या बालशिक्षणक्रमात तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी खेळ, गाणी, गोष्टी आणि हस्तकाम वयोगटाप्रमाणे दिले आहेत. अक्षरं गिरवून घेण्याची घाई त्यात नाही. अडचण अशी की अंगणवाडीत पोर नुसतं खेळतं, शिकत काहीच नाही, असं कित्येक घरांचं मत असतं. म्हणून ऐपत झाली की मूल तिथून काढून व्हॅनमध्ये बसवलं जातं. सेविका खेळ घेते म्हणून ती शिकवत नाही, आणि व्हॅनवाली शाळा रडवते म्हणून ती शिकवते, असा हा हिशेब आहे.

कुमठ्याची फरशी

सातारा तालुक्यातलं कुमठे हे नाव शिक्षकांना ठाऊक आहे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकारानं कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादाची वाट धरली आणि राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या तिथे येऊ लागल्या. फळ्यासमोर ओळीत बसलेली मुलं तिथे दिसत नव्हती. मुलं जमिनीवर गटात बसायची. फरशीवर आखलेल्या चौकोनांत, वर्तुळांत खडे, चिंचोके, काड्यांचे गठ्ठे आणि बाटल्यांची बुचं मांडून शिकायची. 22 जून 2015 रोजी राज्यानं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा या प्रयोगाची चर्चा जोरात होती.

त्या लाटेत अनेक शाळांनी फक्त फरशा रंगवल्या. रंग राहिला आणि विचार निसटला, अशी तक्रार शिक्षकच करतात. पण घरासाठी कुमठ्याचा धडा अजून ताजा आहे. मुलाच्या डोक्यात ज्ञान ओतता येत नाही, ते मूल स्वतः बांधतं. मोठ्यांचं काम सामान हाताशी ठेवण्याचं आणि मध्ये मध्ये चांगला प्रश्न टाकण्याचं. घेवडा निवडणाऱ्या आजींनी तेच केलं होतं. त्यांनी उत्तर दिलं असतं तर दाणा बरोबर वाटीत पडला असता आणि विचार थांबला असता.

घरात हे जमवताना आयांची अडचण खरी असते. मूल हात लावतं म्हणजे काम दुप्पट होतं. पीठ सांडतं, पाणी सांडतं, निवडलेलं परत मिसळतं. म्हणून "तू बस तिकडं, मोबाइल घे" असं होतं. जिथे हे निभावतं तिथे एक युक्ती दिसली: मुलाचं काम वेगळं आणि छोटं ठेवायचं. आईच्या परातीत मूल हात घालत नाही, त्याला स्वतःची वाटी आणि मूठभर दाणे असतात. पाणी ओतायचं तर अंगणात, तांब्यातून पेल्यात. सांडलं तर पुसायला फडकं त्याच्याच हातात. पुसणं हेही त्याला खेळच वाटतं.

घरच्या बोलीत गोष्ट

फलटणला आल्यावर बोलण्याचा विषय निघतोच. अमेरिकेत जन्मलेल्या भाषातज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन 1961 मध्ये भारतात आल्या आणि 1966 पासून फलटणला राहिल्या. फलटणच्या लोकांच्या बोलण्यातल्या भेदांवर त्यांनी संशोधन केलं. वस्तीतली मुलं शाळेत का टिकत नाहीत हा प्रश्न त्यांना तिथेच दिसला. 1984 मध्ये त्यांनी प्रगत शिक्षण संस्था काढली आणि 1986 मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू झालं. ज्यांच्या नावानं ही शाळा आहे त्या कमला निंबकरांनी भारतात ऑक्युपेशनल थेरपीचा, म्हणजे रोजच्या कामांतून हातापायांना पुन्हा सक्षम करण्याच्या उपचाराचा, पाया घातला. हाताच्या कामाला माणूस घडवण्याचं बळ असतं हे त्यांना पेशानं ठाऊक होतं.

मॅक्सीन मावशींच्या कामातून घरांनी घ्यावी अशी गोष्ट म्हणजे मुलाच्या बोलीचा मान. "माज्या बाबानं म्हस आनली" असं मूल उत्साहानं सांगत असताना कुणी "म्हस नाही, म्हैस म्हण" असं टोकलं की गोष्ट तिथेच संपते. म्हैस कशी आली, टेम्पोतून का चालत, तिनं रेडकाला जवळ घेतलं का, हे सगळं राहून जातं. प्रमाण भाषा पुढे येते. तिला येण्यासाठी आधी बोलण्याची भूक लागते. जतकडच्या काही घरांत आजी कानडीत बोलते आणि नातू मराठीत उत्तर देतो. त्या घरात मुलाचा गोंधळ होईल म्हणून आजीला गप्प करण्याचं काही कारण नाही. दोन भाषांत वाढणारी मुलं दोन्ही सांभाळतात.

गोष्ट सांगायची पद्धतही पाहण्यासारखी असते. काही पालक पुस्तक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून काढतात. काही जण चित्रावर थांबतात आणि विचारतात, "आता हा काय करील?" मग थांबतात. हे थांबणं कठीण आहे. लहान मुलाला विचार करून शब्द जुळवायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात मोठं माणूस उत्तर देऊन टाकतं. ज्या घरात थांबतात तिथे मूल लांब वाक्यं बोलतं. "हा रंग कोणता?" या प्रश्नाला एक शब्द पुरतो, "ही मांजर अशी का बसलीय?" याला पुरत नाही.

पुस्तकं आणायची कुठून, हा प्रश्न तालुक्याच्या गावातही आहे. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्यामधलं भिलार 4 मे 2017 पासून पुस्तकांचं गाव म्हणून ओळखलं जातं. तिथे गावातल्या घरांत विषयवार पुस्तकं मांडली आहेत आणि बालसाहित्याचीही जागा आहे. स्ट्रॉबेरी घ्यायला जाणाऱ्या कुटुंबांनी तासभर तिथे बसावं. पण रोजच्यासाठी घरातलीच पुस्तकं करता येतात. एका सेविकेनं जुन्या लग्नपत्रिका शिवून वही केली होती. तिच्यात बिस्किटाच्या पुड्याचं चित्र, साबणाचं वेष्टन, बसचं तिकीट चिकटवलेलं. मुलं ते पुस्तक खाडखाड वाचत होती. अक्षरं येत नसली तरी छापलेल्या खुणांना अर्थ असतो हे त्यांना उमगलं होतं, आणि वाचनाचं दार तिथूनच उघडतं.

सात वाजताचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून या गावानं एक नेम धरला: संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराची बातमी तेव्हा देशाबाहेरही गेली. करोनाच्या काळात शिक्षणासाठी म्हणून मुलांच्या हातात फोन आले आणि शाळा उघडल्यावरही ते हातातून सुटले नाहीत, हे त्यामागचं कारण.

बातम्यांत मोठ्या मुलांच्या अभ्यासाचा विषय अधिक होता. मला त्यात लहानांचा फायदा जास्त दिसतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला अभ्यास नसतो. त्याला हवं असतं ते मोकळं झालेलं मोठं माणूस. आईच्या डोळ्यांसमोर मालिका आणि बाबांच्या हातात फोन असेल तर मूल कितीही बोलो, समोरून "हं" एवढंच येतं. बालविकासाचे अभ्यासक सांगतात की मुलानं आवाज, नजर किंवा शब्द टाकायचा आणि मोठ्यानं तो झेलून परत द्यायचा, या देवाणघेवाणीतून मेंदूतली जोडणी पक्की होते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं लिहून ठेवलं आहे की मेंदूच्या एकूण विकासापैकी 85 टक्क्यांहून अधिक विकास सहा वर्षांच्या आत होतो. त्या सहा वर्षांतली रोजची संध्याकाळ कुणाच्या हवाली करायची, एवढाच प्रश्न या गावानं विचारला.

सगळ्या गावांना भोंगा परवडेल असं नाही, तो मानणारी एकी तर दुर्मिळच. एका घरापुरतं मात्र हे सहज होतं. मिरजेतल्या एका कुटुंबात जेवणाआधीचा अर्धा तास चार्जिंगचा असतो; सगळे फोन एकाच खोलीत चार्जिंगला लागतात आणि माणसं दुसऱ्या खोलीत असतात.

आयांचा गट आणि जमैकातली खेळणी

करोनानं बालवाडीची दोन वर्षं खाल्ली. 2022 मध्ये पहिलीत येणारी बरीच मुलं त्याआधी कुठल्याच वर्गात बसली नव्हती. त्या वर्षी राज्यात 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान झालं. शाळेच्या आवारात मेळावा आणि सात टेबलं: नावनोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक आणि भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन. मूल दोरीवरून चालतं, कागद घडी घालतं, चित्र पाहून बोलतं, वस्तू लहान-मोठ्या लावतं. मग मुलाचं विकासपत्र आणि कृतींची कार्डं घेऊन आई घरी जाते.

खरा जीव मेळाव्यानंतरच्या माता गटांत होता. एका आळीतल्या पाच-सहा आया, त्यांतली एक पुढारी. आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी पडवीत बसायचं, मुलांकडून काही करून घ्यायचं, पुढच्या आठवड्याला काय करायचं ते ठरवायचं. त्याआधी अंगणवाड्यांतून 'आरंभ' या कार्यक्रमानंही हेच बीज टाकलं होतं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या मदतीनं आखलेल्या या कार्यक्रमात सेविका पालकांना लहान वयातल्या मुलांशी खेळायला, बोलायला शिकवतात. रिकाम्या बाटलीत खडे घालून खुळखुळा, जुन्या साडीची बाहुली अशी खेळणी घरीच करायला लावतात.

गटाची ताकद सरावात असते. कार्डावरची कृती एकट्या आईला पोरखेळ वाटते, लाजही वाटते. पाचजणी मिळून केली की हसत-हसत होते. सासूबाईंचा विरोधही गटापुढे मवाळ होतो. अडचणीही तशाच रोकड्या: कृतीचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि फोन नवऱ्याबरोबर एमआयडीसीत गेलेला असतो. छाटणी सुरू झाली की द्राक्षपट्ट्यातल्या बायका पहाटेच मजुरीला जातात आणि गट मोडतो. आणि गटाचं नावच 'माता गट', त्यामुळे बापांना आयती सुट्टी मिळते.

असल्या घरगुती खटपटीनं खरंच काही साधतं का, असं विचारणाऱ्यांना जमैकाचं उत्तर देता येतं. 1986-87 मध्ये किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत वाढ खुंटलेली 129 बालकं निवडून सॅली ग्रॅन्थम-मॅकग्रेगर यांच्या गटानं अभ्यास सुरू केला. त्यांतल्या काहींच्या घरी दोन वर्षं, आठवड्यातून एकदा, तासभर एक आरोग्यसेविका जायची. ती टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी न्यायची आणि मुलाशी खेळायचं कसं, बोलायचं कसं, हे आईला करून दाखवायची. वीस वर्षांनी या मुलांचा माग काढला तेव्हा भेटी मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त होती. खेळणी कवडीमोलाची होती. मोल होतं ते आईच्या बदललेल्या वागण्याला.

ज्या घरात वेळच नाही

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घरात शिकणं सुंदर असतं ते घर असणाऱ्यांसाठी. दिवाळीच्या सुमारास वाळवा, कराड, पलूसच्या उसाच्या फडांवर मराठवाड्यातून टोळ्या उतरतात. पाचटाच्या कोपीत राहणारी आई पहाटे कोयता घेऊन निघते, परत येते तेव्हा स्वयंपाक बाकी असतो. तीन वर्षांचं मूल फडाच्या बांधावर सात वर्षांच्या बहिणीकडे असतं. या आईला "मुलाशी दर्जेदार वेळ घालवा" असं सांगणं हा क्रूर विनोद आहे.

त्यातही जे दिसतं ते सांगतो. उसाची कांडकी लहान-मोठी लावणं, बैलांची नावं, वाढ्याच्या मोळ्या मोजणं, बहिणीनं सांगितलेली गोष्ट, अशी शिकण्याची सामग्री तिथेही असते. पण बहिणीची शाळा बुडवून धाकट्याचं शिक्षण होत असेल तर तो तोट्याचा सौदा आहे. अशा ठिकाणी घरच्या कृतींची कार्डं वाटून जबाबदारी संपत नाही. फडाजवळ अंगणवाडी हवी, स्थलांतर करून आलेल्या मुलाची तिथे विनासायास नोंद व्हायला हवी, त्याला गरम जेवण मिळायला हवं. मूल उपाशी आणि झोपाळू असेल तर कोणताच खेळ चालत नाही. घर आणि अंगणवाडी हे एकमेकांना पर्याय नव्हेत.

आणि कामात घेणं म्हणजे कामाला लावणं नव्हे. मुलाला कंटाळा आला की उठून जाता आलं पाहिजे, ही त्यातली सीमारेषा. घेवडा निवडणारा नातू दहाएक मिनिटांनी वाटी टाकून कोंबडीमागे पळाला. आजींनी हाक मारली नाही.

सणासुदीतलं शिक्षण

या भागातले सण लहानांसाठी जणू मुद्दाम आखले आहेत. नवरात्रात हादग्याची गाणी संपली की खिरापत ओळखायची असते. डबा हलवायचा, आवाज ऐकायचा, वास घ्यायचा आणि अंदाज बांधायचा: खळखळ वाजतं म्हणजे ओलं नाही, मग दाणे की चुरमुरे? पुरावा पाहून अंदाज बदलणं ही विज्ञानाची रीत चार वर्षांची मुलगी तिथे शिकते, आणि बरोबर आलं तर खायलाही मिळतं.

दिवाळीत किल्ला. साताऱ्याच्या पोरांसमोर अजिंक्यतारा रोज उभा असतो, त्यामुळे बुरुज कुठे आणि दरवाजा कुठे यावर वाद रंगतात. थोरली मुलं धाकट्यांना पाणी आणायला पिटाळतात. तसं होऊ देऊ नये. चिखल मळणं, हळीव पेरून रोज किती उगवलं ते पाहणं, मावळे उंचीप्रमाणे उभे करणं ही धाकट्यांची खाती असावीत. माती किती ओली हवी हे हातालाच कळतं. आत स्वयंपाकघरात शंकरपाळ्यांचे चौकोन तिरके कापले जातात, करंजीची कड कातण्यानं कापली जाते, चकलीची वेटोळी पडतात. मुलाच्या हातची वाकडी करंजी वेगळी तळा आणि त्याच्या नावानं वाढा.

या सगळ्याला पैसा लागत नाही, हे खरं आहे. मोठ्यांचा धीर मात्र लागतो, आणि आजच्या घरांत तोच कमी पडतो. दोन्ही जिल्ह्यांत पाहिलेल्या घरांवरून मला एवढं ठामपणे म्हणावंसं वाटतं: मुलासाठी वेगळ्या 'अ‍ॅक्टिव्हिटी' शोधत बसण्यापेक्षा चालू कामात त्याला जागा द्या, काम करताना त्याच्याशी बोला, आणि त्याला उत्तर शोधायला वेळ द्या. सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत पहिली नाही, असं राष्ट्रीय धोरणच सांगतं. तेव्हा साडेतीन वर्षांच्या मुलाकडून अक्षर घोटून घेण्याची घाई कुणासाठी आहे, हे शाळेला विचारा.

आणखी एक काम या दिवाळीनंतर करा. आपल्या गावातल्या किंवा प्रभागातल्या अंगणवाडीत एकदा जा. मूल असो वा नसो, जा. सेविकाताईंना विचारा की मुलांसाठी काय हवं आहे. कुणी चार डबे मागतील, कुणी जुनी पुस्तकं, कुणी फक्त पालकसभेला बापांनी यावं एवढंच म्हणतील. बापांनो, पुढच्या सभेला तुम्ही जा.